एलओआय तीन टक्क्यांच्या आत, मग काँक्रीटमधली हवा जाते कुठे?

स्लम्पकोन | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बॅचिंग प्लांटवर, म्हणजे काँक्रीट तयार होतं तिथे, क्यूसी बघतो. गेले पंधरा दिवस एका गोष्टीने झोप उडवली आहे, म्हणून हा धागा काढतोय.

मिक्स जुनंच आहे. घनमीटरमागे ३५० किलो बाइंडर (सिमेंट आणि राख मिळून), त्यात २५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्रातली कोळशाची राख. स्लॅब उघड्यावर आहे, पाणी गोठतं आणि वर बर्फ वितळवायचं मीठही पडतं. त्यामुळे हवा धरणारं ॲडमिक्चर, ज्याला आम्ही नुसतं एईए म्हणतो, ते घालावंच लागतं. टार्गेट ६ टक्के हवा. वर्षभर काही कुरकुर नव्हती. आता प्लांटवर मीटर ६.२ दाखवतो आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी साइटवर ३.५. डोस वाढवला तर पुढच्या बल्करच्या (राखेच्या टँकरच्या) राखेत हवा थेट ८.५ वर गेली आणि त्या दिवसाचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, कमी आले.

सिमेंट तेच, वाळू तीच, ॲडमिक्चरचा ड्रमही त्याच लॉटचा. राखेच्या सर्टिफिकेटवर एलओआय (राख तापवल्यावर होणारी वजनातली घट, ज्यावरून न जळलेला कोळसा धरतात) २.६ टक्के आहे, आधी २.४ असायचा. एवढ्याशा फरकाने एवढा गोंधळ होईल हे पटत नाही. एक मात्र डोळ्यांना दिसलं: स्लॅबवर पाटा फिरवल्यावर जे पाणी वर येतं, त्यावर हल्ली काळपट साय धरते. बोटाने पुसली तर बोट काजळी लागल्यासारखं होतं.

राखेतला न जळलेला कोळसा हे कारण असू शकतं का? की मी उगाच राखेच्या मागे लागलोय?

चाळणी_७५ | सोमवार, रात्री १०.१५

आधी मीटर तपासा. प्रेशर मीटरचं कॅलिब्रेशन हललं की माणूस नको तिथे शोधत बसतो. दोन्ही ठिकाणी युनिट वेट, म्हणजे घनमीटरमागचं वजन, घेतलंय का? हवा खरंच गेली असेल तर वजन वाढलेलं दिसायलाच हवं.

स्लम्पकोन | सोमवार, रात्री १०.३२

घेतलंय. प्लांटवरच्यापेक्षा साइटवर घनमीटरमागे साधारण ६५ किलोंनी जास्त भरतं. पावणेतीन टक्के हवा गेल्याच्या हिशोबात ते चपखल बसतं. मीटर खरं बोलतोय.

भट्टीवाला | सोमवार, रात्री ११.२०

मी वीजकेंद्रात बॉयलरवर काम केलंय, त्या बाजूने सांगतो.

कोळसा मिलमध्ये पावडरसारखा दळला जातो. साधारण ७० टक्के माल ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जावा, असा आमचा मापदंड. ही पावडर हवेबरोबर भट्टीत जाते आणि तिच्या वाट्याला जळायला जेमतेम एक-दोन सेकंद येतात. तेवढ्यात कोळशातली खनिजं वितळतात, थेंब होतात आणि पुढे गार होताना काचेचे गोल मणी बनतात. हीच तुमची फ्लाय ॲश. ज्या कणाचं जळणं पुरं झालं नाही, तो मागे उरतो कोक होऊन: काळा, वेडावाकडा आणि स्पंजासारखा भोकाभोकांचा.

तो उरण्याची कारणं पुष्कळ. मिलचे रोलर झिजले की दळण जाड येतं. ३०० मायक्रॉनच्या वरचे दाणे दोन सेकंदांत जळतच नाहीत. लोड खाली-वर होत राहिला की ज्वाला स्थिर राहत नाही. युनिट थंड असताना तेलावर पेटवतात, त्या वेळची राख तर काळी आणि तेलकट. आणि मोठं कारण म्हणजे लो-नॉक्स बर्नर. अमेरिकेत १९९० मध्ये स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, त्यानंतर हे बर्नर झपाट्याने बसवले गेले. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून ते ज्वालेच्या गाभ्यात हवा मुद्दाम कमी देतात आणि उरलेली नंतर सोडतात. धूर सुधारला, पण राखेत कोळसा वाढला. एका बाजूची स्वच्छता दुसऱ्या बाजूला अशी महागात पडते. त्यात चूक कुणाचीच नाही, पण काँक्रीटवाल्यांना ते सांगायचं मात्र राहून जातं.

तरी तुमच्या बाबतीत यातलं काही लागू पडत नाही. या सगळ्यांत एलओआय ठळक वाढतो, तुमचा जागेवर आहे. म्हणून एकच विचारा: त्या केंद्राने पारा पकडण्यासाठी धुरात ॲक्टिव्हेटेड कार्बनची पावडर सोडायला सुरुवात केली आहे का? ती पावडर ईएसपीच्या (धुरातली राख विजेने ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) आधी सोडली तर राखेबरोबर त्याच हॉपरमध्ये उतरते.

रसायनी | मंगळवार, सकाळी ७.०५

भट्टीवाला यांचा शेवटचा प्रश्न नेमक्या जागी लागलाय असं मला वाटतं. का, ते जरा सविस्तर लिहिते.

एईए म्हणजे साबणाच्या जातीचे रेणू. एका टोकाला पाणी आवडतं, दुसरं टोक पाण्यापासून पळतं. मिक्सर फिरताना हवा आत ओढली जाते आणि हे रेणू प्रत्येक बुडबुड्याभोवती कडं करून त्याला फुटू देत नाहीत. आपल्याला हवे असतात ते अगदी बारीक बुडबुडे, साधारण १० मायक्रॉनपासून १ मिलिमीटरपर्यंतचे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. सिमेंटच्या पेस्टमध्ये कुठल्याही जागेपासून ०.२ मिलिमीटरच्या आत एखादा बुडबुडा असेल तर तो दाब तिथे जिरतो. नसेल तर पृष्ठभागाचे पापुद्रे सुटायला लागतात.

आता कार्बनचा पृष्ठभागही पाण्यापासून पळणारा. एईएच्या रेणूचं पळपुटं टोक त्याला जाऊन चिकटतं. जो रेणू कार्बनला चिकटला तो बुडबुड्याच्या कामाचा राहिला नाही. खनिजाचे मणी गुळगुळीत आणि पाणी आवडणारे, ते एईएला फारसं हात लावत नाहीत.

प्रश्न पृष्ठभागाचा आहे, वजनाचा नाही. स्लम्पकोन यांच्याच मिक्सवर हिशोब करून बघू. घनमीटरमध्ये साडेसत्त्याऐंशी किलो राख. २.४ टक्के कार्बन म्हणजे २.१ किलो. साध्या न जळलेल्या कोळशाचं क्षेत्रफळ ग्रॅमला ४० चौरस मीटर धरू, म्हणजे झाले ८४ हजार चौरस मीटर. एलओआय २.४ चा २.६ झाला, म्हणजे भर पडली फक्त १७५ ग्रॅमची. पण ती ॲक्टिव्हेटेड कार्बनची असेल आणि तिचं क्षेत्रफळ ग्रॅमला ५०० चौरस मीटर धरलं, तर ते झालं साडेसत्त्याऐंशी हजार. मूठ-दोन मूठ पावडरीने कार्बनचा पृष्ठभाग दुपटीच्या वर गेला आणि सर्टिफिकेटवर दशांशाच्या पुढचा एक आकडा तेवढा हलला.

एक सावधानता. त्या क्षेत्रफळातली पुष्कळशी भोकं इतकी अरुंद असतात की एईएचा रेणू आत शिरत नाही. म्हणून हिशोब जसाच्या तसा काँक्रीटमध्ये उतरत नाही. पण दिशा हीच.

आणि हवा प्लांटवर बरोबर येऊन वाटेत का जाते, तेही यातच आहे. मिक्सिंग एक-दीड मिनिटात संपतं, पण रेणूंना भोकांच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. ट्रक चाळीस मिनिटं फिरतो तेव्हा कार्बन एईए पीतच राहतो आणि फुटलेल्या बुडबुड्यांच्या जागी नवे धरायला पाण्यात रेणू उरत नाहीत.

नवीन_सायलो | मंगळवार, सकाळी ८.३०

खूप छान समजावलंत, रसायनीताई. पण मग एलओआय म्हणजेच कार्बन, असं आम्ही कॉलेजात शिकलो ते चूक का?

रसायनी | मंगळवार, सकाळी ९.१०

जवळपास बरोबर, पण पूर्ण नाही. एलओआयमध्ये १०५-११० अंशांवर सुकवलेली राख मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) तापवून वजन किती घटलं एवढंच बघतात. अमेरिकन पद्धतीत ७५० अंश, युरोपियन पद्धतीत ९५०. वजन कोळसा जळूनही घटतं, कार्बोनेटमधला वायू निघूनही घटतं आणि चुन्यात बांधलेलं पाणी उडूनही घटतं. साध्या बिट्युमिनस कोळशाच्या राखेत बहुतेक घट कार्बनचीच असते. चुना जास्त असलेल्या राखेत किंवा तळ्यातून उपसलेल्या जुन्या राखेत तसं धरून चालू नये.

आणखी एक नेहमी निसटणारी गोष्ट. सब-बिट्युमिनस आणि लिग्नाइट कोळसा भट्टीत जवळजवळ पुरा जळतो, त्यांच्या राखेचा एलओआय बऱ्याचदा १ टक्क्याच्याही खाली असतो. पण जो थोडा कार्बन उरतो तो ग्रॅमला ग्रॅम जास्त तहानलेला असतो. त्यामुळे दोन वेगळ्या कोळशांच्या राखांची तुलना नुसत्या एलओआयवर करणं मला तरी धोक्याचं वाटतं. एलओआय हा मुळात बॉयलरचा आकडा आहे. इंधन किती वाया गेलं ते तो सांगतो.

निळी_मूस | मंगळवार, दुपारी १.५०

मग काँक्रीटचा आकडा कुठून काढायचा, ते मी सांगते. फोम इंडेक्स, म्हणजे फेस टिकायला किती एईए लागतं ते मोजायचं. प्रयोगशाळेत मी हे रोज करते, वीस मिनिटांचं काम आहे आणि बॅचिंग प्लांटच्या टेबलावरही होतं.

झाकणाची काचेची बरणी घ्या, अर्धा लिटरची. त्यात १६ ग्रॅम सिमेंट, ४ ग्रॅम राख आणि ५० मिलिलिटर पाणी. झाकण लावून एक मिनिट जोरात हलवा. एईए पाण्यात विरळ करून ठेवा, एकास वीस. ड्रॉपरने थोडं थोडं घाला, दर वेळी पंधरा सेकंद हलवा आणि बरणी टेबलावर ठेवून वर बघत राहा.

सुरुवातीला बुडबुडे येतात आणि बघता बघता विरतात, मध्येच करडं पाणी उघडं पडतं. पुढे फेस काठाला धरून राहतो पण मध्ये भोक पडतं. मग एक थेंब असा येतो की फेस अख्ख्या पृष्ठभागावर पसरतो आणि ४५ सेकंद मोडत नाही. कान जवळ नेलात तर आधीच्या फेऱ्यांना बुडबुडे फुटण्याची बारीक चरचर ऐकू येते, ती इथे थांबते. तिथवर किती थेंब लागले तो तुमचा आकडा. नुसतं २० ग्रॅम सिमेंट घेऊनही एकदा करा, म्हणजे राखेचा वाटा वेगळा कळेल.

दोन गोष्टी मात्र पाळा. हलवणारा माणूस दर वेळी तोच असू द्या आणि एईएही तुमच्या मिक्समधलंच घ्या. थेंबांचा आकडा दुसऱ्या लॅबशी ताडून बघण्यात अर्थ नाही. स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडून बघा.

स्लम्पकोन | बुधवार, रात्री ८.१५

केलं! दर महिन्याच्या राखेचा एक डबा राखून ठेवायची सवय आहे, ती आज कामी आली. दोन महिन्यांपूर्वीची राख: ९ थेंब. परवाच्या बल्करची: २३. कालच्या बल्करची: १४. नुसतं सिमेंट: ५. तिन्ही राखांचा एलओआय २.४ ते २.६.

२३ नंतर १४ बघितल्यावर ८.५ टक्के हवेचाही उलगडा झाला. तहानलेल्या राखेसाठी डोस वाढवला आणि पुढचा बल्कर कमी तहानेचा आला. सगळं जादा एईए मोकळं राहिलं. हवा टक्क्याने वाढली की ताकद साधारण पाच टक्क्यांनी उतरते, म्हणजे अडीच टक्क्यांना बारा-तेरा टक्के. क्यूब तेवढेच कमी आले होते.

पुरवठादाराला विचारलं. त्याने केंद्रात विचारून सांगितलं की हो, एका युनिटवर महिन्याभरापूर्वी कार्बन सोडायला सुरुवात झाली आहे, दुसऱ्यावर अजून नाही. दोन्ही युनिटची राख एकाच सायलोत, म्हणजे साठवणीच्या टाकीत, पडते. सर्टिफिकेटवर यातलं काहीच आलं नाही, कारण सर्टिफिकेटवर जे मागितलंय त्यात ते बसतच नाही. याचा मला खरंच त्रास झाला. माल बदलला होता आणि कागद तोच राहिला.

भट्टीवाला | बुधवार, रात्री ९.००

कार्बन न सोडलेल्या युनिटची राख वेगळ्या सायलोत घेता येते का ते विचारा. काही केंद्रं आधी एका ईएसपीत राख उतरवून घेतात, कार्बन त्याच्या पुढे सोडतात आणि तो वेगळ्या बॅग फिल्टरमध्ये पकडतात. मग राख स्वच्छ राहते. खर्चिक आहे, पण राख विकायची असेल तर केंद्रालाही परवडतं. एईए कमी पिणारे कार्बनही खास यासाठी बनवलेले मिळतात.

नवीन_सायलो | गुरुवार, सकाळी ८.०५

आमच्याकडे एईए वापरतच नाहीत, पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही. मग आम्ही या सगळ्याकडे दुर्लक्ष करायचं का?

साइटवरचा_पाटा | गुरुवार, सकाळी ९.४५

माझं स्पष्ट मत: ६ टक्क्यांच्या वर एलओआय असलेली राख दारातही उभी करू नका, एईए असो वा नसो. एकदा एलओआय जास्त असलेली राख उघड्या भिंतीला वापरली. शटरिंग उघडलं तर भिंतीवर ढग उतरल्यासारखे काळे पट्टे. कोळसा हलका असतो, व्हायब्रेटर लावला की पाण्याबरोबर वर आणि कडेला येतो. ती भिंत शेवटी रंगवावी लागली. रंगाचा खर्च कुणी द्यायचा यावर जी बैठक झाली ती आठवली तरी नको वाटतं.

रसायनी | गुरुवार, सकाळी ११.३०

भिंतीचा अनुभव पटतो, पण सरसकट नियम नाही पटत. मानकंच बघा ना, तीही एकमताची नाहीत. अमेरिकेच्या एएसटीएम सी ६१८ मध्ये एलओआय ६ टक्क्यांपर्यंत, पण एफ वर्गाच्या (कमी चुन्याच्या) राखेला चाचण्या किंवा वापराचा चांगला अनुभव दाखवला तर १२ पर्यंत मान्यता देता येते. युरोपच्या ईएन ४५०-१ मध्ये तीन वर्ग: ५, ७ आणि ९. भारताच्या आयएस ३८१२ भाग १ मध्ये ५. कार्बन सगळीकडे सारखाच, तरी मर्यादा वेगळ्या.

नवीन_सायलो, तुमच्यासाठी तीन गोष्टी उरतात. स्पंजी कोळसा पाणी पितो, त्यामुळे त्याच स्लम्पला, म्हणजे तेवढ्याच पातळपणाला, पाणी जास्त लागतं आणि राखेतल्या गोल मण्यांमुळे जो फायदा मिळतो तो कमी होतो. सुपरप्लास्टिसायझरही (जास्त पाणी न घालता काँक्रीट पातळ करणारं रसायन) काही प्रमाणात कार्बनवर जातं, स्लम्प लवकर पडतो. आणि रंग. ताकदीचं म्हणाल तर कोळसा चुन्याशी काही प्रक्रिया करत नाही, जागा अडवून बसतो एवढंच. ४ टक्के कोळसा म्हणजे शंभर किलोत ४ किलो निकामी राख. नुसता तेवढा तोटा फारसा नाही, खरं नुकसान वाढलेल्या पाण्याने होतं.

जमिनीखालच्या पायात, जिथे हवा मागितलेली नाही आणि रंग कुणी बघणार नाही, तिथे ७ टक्क्यांची पण एकसारखी येणारी राख मी ट्रायल घेऊन आनंदाने वापरीन. रोज २ आणि ५ च्या मध्ये झुलणारी राख मात्र नको.

साइटवरचा_पाटा | गुरुवार, दुपारी १२.१०

एकसारखी असावी, हे मान्य. पायाचंही मान्य. उघड्या भिंतीला मी माझ्या मतावर ठाम आहे.

निळी_मूस | गुरुवार, दुपारी २.३०

एकसारखेपणाबद्दल सी ६१८ मध्येच एक ऐच्छिक अट आहे, फार कमी लोक मागतात. हवेच्या काँक्रीटसाठी राख घेताना, एईएची गरज मागच्या दहा नमुन्यांच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त हलू नये. स्लम्पकोन, ही अट तुमच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या. लिहिलेली नसेल तर पुरवठादाराला तुम्ही बोल लावू शकत नाही.

चाळणी_७५ | गुरुवार, सायंकाळी ६.२०

राखेतून कोळसा काढूनच टाकता येत नाही का? आमच्याकडे ४५ मायक्रॉनवर राहिलेला भाग नेहमी जास्त काळा दिसतो.

भट्टीवाला | गुरुवार, रात्री ८.४५

येतो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, जाड भागात कोळसा जास्त असतो. म्हणून हवेने वर्गीकरण करून जाड भाग बाजूला काढला की थोडा कमी होतो. पण बारीक कोळसा तसाच राहतो, आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन तर बारीकच असतो.

मला सर्वांत आवडलेली पद्धत विजेची. राखेचे कण एकमेकांवर घासले की कोळशाला धन भार येतो आणि खनिजाला ऋण. दोन इलेक्ट्रोडमधून वेगाने धावणारा पट्टा त्यांना दोन दिशांना ओढून नेतो. पाणी नाही, सुकवणं नाही, निघालेला कोळसा पुन्हा बॉयलरला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे व्यापारी प्रमाणावर चालतं. दुसरी पद्धत म्हणजे उरलेला कोळसा फ्लुइडाइज्ड बेडमध्ये पुन्हा जाळायचा. याचा पहिला व्यापारी प्लांट दक्षिण कॅरोलिनात १९९९ मध्ये सुरू झाला. यात ॲक्टिव्हेटेड कार्बनही जळून जातो. मात्र त्याने पकडलेला पारा मोकळा होतो, त्याची सोय करावी लागते.

रसायनी | गुरुवार, रात्री ९.३०

कोळसा न काढता त्याची तहान भागवायची, असाही मार्ग आहे. राखेवर आधीच असं रसायन फवारतात की ते कार्बनची जागा अडवतं, पण स्वतः फेस करत नाही. मग एईए मोकळं राहतं. ओझोनचाही प्रयोग झाला आहे: तो कार्बनच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसवतो, पृष्ठभागाला पाणी आवडायला लागतं आणि एईएचं शेपूट तिथे चिकटत नाही. एलओआय दोन्हींत जवळजवळ तेवढाच राहतो. नुसत्या एलओआयवर राख नाकारणारा माणूस ही चांगली राख परत पाठवील.

फारच कोळसा असलेली राख भाजक्या विटांच्या मातीत घालतात किंवा सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून देतात. तिथे तोच कोळसा इंधन म्हणून उपयोगी पडतो.

स्लम्पकोन | रविवार, रात्री १०.०५

उशिरा लिहितोय, शनिवारी काँक्रीट ओतायचं मोठं काम होतं. पुरवठादाराने कार्बन न सोडलेल्या युनिटची राख वेगळी द्यायचं कबूल केलंय. आता बल्कर आला की सायलोला पाइप जोडायच्या आधी बरणी हलते. बारा थेंबांच्या वर गेला तर हवेच्या मिक्सला नाही. शनिवारी चार बल्कर आले: ९, १०, ९, ११. प्लांटवर हवा ६.१, साइटवर ५.६. पाट्यावरची काळी साय गेली.

ऑपरेटरला बरणी शिकवली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, साहेब, फेस बघून काय कळणार? काल त्यानेच फोन करून सांगितलं की आजचा फेस पटकन धरला.

एकच अडचण उरलीय. सायलोच्या तळाला जुनी मिसळलेली राख अजून तीसेक टन आहे. टाकून द्यायला जीव होत नाही. काय करू?

साइटवरचा_पाटा | रविवार, रात्री १०.४०

उघड्या भिंतीला नको एवढंच सांगतो.

निळी_मूस | सोमवार, सकाळी ७.१५

जमिनीखालचं, हवा न मागितलेलं काही काम आहे का हाताशी? तीस टनांत वरून, मधून, खालून असे निदान पाच नमुने घ्या. पाचांचे थेंब आणि एलओआय जवळजवळ असले तर त्यावर ट्रायल मिक्स घ्या आणि पाऊण तासाने स्लम्प पुन्हा बघा. सुपरप्लास्टिसायझरचा डोस थोडा वाढवावा लागेल.

स्लम्पकोन | सोमवार, सकाळी ७.४०

आहे. गुरुवारी पायाची फुटिंग आहेत, गोठणाऱ्या थराच्या खाली. आजच नमुने काढतो आणि संध्याकाळी आकडे इथे टाकतो.